बिब्बा कोपऱ्यात घालायचा असतो

वण्णारपेट्टै, तिरुनेलवेली
मार्गळी ३, गुरुवार

इसक्की,

सगळ्यात आधी आला तो दुरैपांडी पट्टेवाला. मी पाण्यातला भात नि कांदा घेऊन उंबऱ्यावर बसलेली, आणि हा समोर उभा. बूट पॉलिश केलेले, हातात हलव्याचा डबा. तीस वर्षं कोर्टाच्या दारात नावं पुकारली याने, पण कुणाला शेंगदाणा विकत घेऊन दिल्याचं ऐकलं नाही. मी म्हटलं, "दुरै, कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही अक्का, आलेत. लुगडं बदल. चेन्नईहून वकीलमंडळी आलीयत, कॅमेरा आहे."

"कॅमेरा आहे तर लुगड्याआधी दात आणून दे," मी म्हटलं.

तेवढ्यात ती आलीच. एक पोरगी, मृदुला नावाची, वकील आहे, चेहरा उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत. आणि जोएल, कॅमेरावाला, उंच. तो पहिल्या पावलातच दारातल्या रांगोळीवर, माझ्या कोलमवर उभा राहिला, मधे ठेवलेल्या भोपळ्याच्या फुलावर टाच. पहाटे उठून काढला होता गं, अकरा टिंबांचा. पाहुण्याने नाचायचंच ठरवलं तर अंगण काय करणार. त्याच्याकडे एक केसाळ बोंडूक होतं, आवाज पकडायचं. ते त्याने कट्ट्यावर ठेवलं आणि शेजारच्या अंथोनीअम्माळच्या शेळीने त्याचे केस खाल्ले. अर्धा तास त्यातच गेला. मला तर वाटत होतं आजचा दिवस संपूच नये.

सुंठ घालून सुक्कू कॉफी केली. त्यांनी येताना कागदी पेले आणलेले. मृदुलाने माझ्या टमलरातली कॉफी त्यात ओतून घेतली. म्हणाली, "अम्मा, घसा नाजूक आहे माझा." पेला बदलला की घशाला बरं वाटतं हे मला सत्तर वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

तर हे लोक एक मालिका करतात. वकिलांना बसवून विचारायचं, तुम्ही इथवर कसे आलात, कुणी आत घेतलं, कुणी अडवलं, आता काय बदललं. मग ते जगभर फोनवर दिसतं. मला म्हणे तुम्ही वकील नसलात तरी वकिलांच्या सगळ्यात जवळच्या. हे बरोबर बोलली. गळ्याच्या घामापेक्षा जवळचं काय असतं.

"अम्मा, अडतीस वर्षं तुम्ही यांचे कपडे केलेत. या पेशात काय बदललं?"

"खळ," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"गळ्यातला तो बँड असतो ना, दोन जिभांचा, पांढरा. त्याला आधी तांदळाची पेज लागायची, चिमूटभर नीळ. आता तयार मिळतो, मागे चिकटपट्टी, रबरासारखा. पूर्वी वकिलाची मान माझ्या पेजेवर ताठ राहायची. आता आपोआप राहते."

जोएल हसला. ती नाही हसली, तिच्या कागदावर पुढचा प्रश्न होता. "आणि आत येणारी माणसं? ती बदलली का?"

"आतलं मला काय विचारता. कपडे आत जायचे, मी व्हरांड्यात खांबाशी थांबायचे."

मग मी त्यांना त्या पहिल्या वकिलीणबाईंचं सांगितलं. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. बाईंसाठी कोर्टात संडास नव्हता. दुपारच्या सुट्टीत काळा कोट घालून आपल्या घरामागे यायच्या, मी बाहेर गोणपाट धरून उभी. बाकीच्यांनी पैज लावलेली, पोंगलपर्यंत टिकेल का. नाही टिकल्या. जो पैज जिंकला त्याचा कोट त्या दिवशी माझ्याकडेच इस्त्रीला होता. मी केला, छान केला, कुठे चटका नाही. हे सांगितल्यावर मृदुलाचे डोळे भरून आले आणि तिने जोएलला विचारलं, "आलं ना हे?" तो म्हणाला, "शेळीचं ओरडणं आलंय मधे." मला परत सांगायला लावलं. परत सांगताना तिचे डोळे परत भरले. शिकलेली माणसं कामाला पक्की.

आता तुझं.

तिने फोन पुढे केला. फोनमध्ये एक बाई. केस कापलेले, चष्मा, मागे पुस्तकांची भिंत, खाली लिहिलेलं: ॲडव्होकेट ईशा. मी विचारलं, "ही कोण?" नाटक नव्हतं गं, निदान पहिलं अर्धं मिनिट. मग ती बाई बोलायला लागली आणि बोलताना डाव्या हाताने कान चाचपायला लागली, तेव्हा कळलं. तू चार वर्षांची असताना तुझा बाप गेला त्या दिवशीही तू असाच कान धरून बसली होतीस.

किती छान बोललीस. "माझी अप्पत्ता, म्हणजे आजी, न्यायाधीशांचे बँड इस्त्री करायची. मी कोर्टात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्या बँडला तिने आपल्या हाताने खळ दिली होती. तो मी जपून ठेवलाय." आणि भिंतीवरची काचेची चौकट दाखवलीस, आत बँड. मी सांगते इसक्की, माझ्या अंगावर काटा आला. अकरा वर्षांत तुझ्या तोंडून अप्पत्ता हा शब्द ऐकला नव्हता, तो ऐकला तर सगळ्या जगाबरोबर.

मृदुलाने मग सगळं समजावून सांगितलं. चेन्नईच्या वकिलांनी एक समिती काढलीय, आपल्यासारख्या घरातल्या पोरापोरींना या पेशात आणायला. तिची प्रमुख तू. ठरल्यातच जमा आहे. पण कुणीतरी अर्ज केलाय, की ही ईशा दहा वर्षं सांगत होती वडील बँकेत मॅनेजर होते, आणि आता समिती निघाल्यावर म्हणते आजी परटीण. दोन्हींतलं खोटं कुठलं? जातीचा दाखला तू कधी काढलाच नाहीस, कुणी बघेल म्हणून. शाळेच्या कागदांवर इसक्कियम्माळ, तुझ्या दारावरच्या पाटीवर ईशा. मधली गाठ एकच, मी. माझ्या तोंडून एक वाक्य आलं की अर्ज फेटाळला.

"ही तुमची नात ना, अम्मा? हा बँड तुमच्याच हातचा ना?"

मी फोन डोळ्यांजवळ नेला. म्हटलं, "माझ्या हातच्या कापडाला कोपऱ्यात बिब्ब्याची खूण असते. प्रत्येक घराची वेगळी. कुणाचं कुणाला जाऊ नये म्हणून. याला तर कोपराच नाही."

जोएलने बोटांनी चित्र मोठं केलं. खरंच, डावी जीभ उजवीपेक्षा नखभर तोकडी. तिरकी कापलेली. मृदुला बघतच राहिली. तुझ्याकडे एवढे अशील येतात, कुणाला दिसलं कसं नाही?

"मग ही तुमची कोण?" मृदुलाने विचारलं.

मी म्हटलं, "मी त्यांची इस्त्रीवाली."

दुरैपांडी आपल्या बुटांकडे बघत होता. ती त्याच्याकडे वळली. "तुम्ही तरी सांगा. तुम्हाला माहीत असेल."

"मी पट्टेवाला, मॅडम," दुरै म्हणाला. "नावं पुकारतो. नाती नाही."

हलवा चांगला होता. थोडा तूपकट.

पेच्चियम्माळ


मार्गळी १४, सोमवार

इसक्की,

तुझं पत्र पोचलं. केवढा जाड कागद. वर तुझं नाव उठावाचं, बोटाला लागतं. मी तिसरीपर्यंत शिकलेली, मला वाचायला दुपार लागली, पण दुरैला वाचायला दिलं नाही. आपल्या दोघींतलं आहे, त्यात पेठेला काय करायचंय. अंथोनीअम्माळला तेवढं वाचून दाखवलं. आणि तिच्या सुनेला, कारण ती तिथेच बसली होती.

मी उत्तर कोर्टाच्या यादीच्या पाठीवर लिहितेय, इस्त्रीचे कपडे गुंडाळायला आणायचे त्या गठ्ठ्यातली. पुढच्या बाजूला कुणाकुणाचे खटले आहेत. वाचू नकोस, जुने आहेत, सगळे हरले असतील.

तू लिहितेस, "अप्पत्ता, त्यांना खरं सांग. हे माझ्या एकटीसाठी नाही, आपल्यासारख्या मुलांसाठी दार उघडायचंय." वाक्य सुरेख आहे. अंथोनीअम्माळची सून म्हणाली, "वकिलीच शिकलीय हो." पण खरं सांग म्हणजे कुठलं? मी खरंच सांगितलं. वाक्यही माझं नाही, तुझंच आहे. मी फक्त धुऊन परत केलं.

आठवत नसेल तर सांगते. आवणी महिना, तुझा कोर्टातला पहिला दिवस. तू घाईत बँड दोरीवर विसरलीस. मी बघितला आणि तो तळहातावर आडवा धरून, मोडू नये म्हणून, पुलावरून धावत आले. चपला घालायला वेळ नव्हता. तू तिसऱ्या कोर्टासमोरच्या खांबाशी उभी होतीस, तुझे मोठे वकीलसाहेब शेजारी, चार कारकून. मी म्हटलं, "अगं इसक्की, गळा उघडाच ठेवून निघालीस?" साहेबांनी विचारलं, "ही कोण?"

तू म्हणालीस, "इस्त्रीवाली आहे, सर. आत्ता जाईल."

मला ते 'आत्ता जाईल' जास्त आवडतं. इस्त्रीवाली तर मी होतेच. पण माझ्या जाण्याचंही तूच सांगितलंस, म्हणजे केवढी काळजी. मी "वणक्कम सामी" म्हटलं आणि गेले. दुरै दारात उभा होता. त्याने वर छताकडे बघितलं. कोर्टात काम करून माणूस हे शिकतो, कधी वर बघायचं.

संध्याकाळी घरी आलीस ती कात्री मागत. कारण बँडच्या कोपऱ्यात तीन टिंबं आणि एक हुकासारखा आकडा होता, आपल्या घरची खूण. मोठ्या साहेबांच्या घरची दोन टिंबं न् रेघ, जज्जसाहेबांचा चांद, सरकारी वकिलांचा त्रिशूळ. तीन टिंबं न् आकडा फक्त परटाच्या स्वतःच्या कपड्यांवर, आणि हे कोर्टातल्या प्रत्येक कारकुनाला ठाऊक. मी म्हटलं, "आत दुमडून शिवून देते." तू म्हणालीस, "दुमडलं तरी असतंच ते." बरोबर बोललीस. बिब्बा धुऊन जात नाही. मग तू कात्री मारलीस आणि कोपरा इस्त्रीच्या निखाऱ्यात टाकलास. निखारे विझले होते. हे तुझ्या लक्षात आलं नाही, परटाच्या पोरीच्या.

तो कोपरा माझ्या पानाच्या डब्यात आहे. चुन्याच्या डबीशेजारी. नखाएवढा. तुझ्या भिंतीवरच्या चौकटीला लावून बघितला तर बरोब्बर बसेल, धाग्याला धागा. मृदुलाला एवढंच दाखवायचा अवकाश. कुणी कितीही अर्ज करू देत.

मी रोज पान खाताना तो बघते. रोज हसू येतं.

तू विचारलंस, तब्येत कशी आहे. पत्राच्या शेवटी विचारलंस, सहीच्या खाली, जागा उरली होती म्हणून असेल. उत्तम आहे. खोकला म्हणतात तो कोळशाचा धूर आहे. तीन वर्षं इस्त्री पेटवली नाही ही गोष्ट वेगळी.

साडी पाठवलीस ती बघितली. मऊ आहे. शेळी व्याली, तिच्या पिलांना अंथरलीय. त्यांना मानवलीय.

पेच्चियम्माळ


मार्गळी २४, गुरुवार

इसक्की,

मृदुला परत आली. या खेपेला एकटी, आणि कागदी पेला नव्हता. टमलर तोंडाला लावून कॉफी प्यायली, भाजलं तरी प्यायली. मला पोरगी आवडायला लागलीय.

कट्ट्यावर बसली आणि म्हणाली, "अम्मा, आज कॅमेरा नाही. खरं काय ते मला कळलंय. शाळेत जाऊन आले. पण कागदाने समितीचं समाधान होणार नाही, त्यांना तुम्ही हव्यात. फक्त एवढं म्हणा, ही माझी नात, मला तिचा अभिमान आहे."

मी म्हटलं, "ही माझी नात, मला तिचा अभिमान आहे."

तिचा चेहरा उजळला. "असंच. अगदी असंच, कॅमेऱ्यासमोर."

"कॅमेऱ्यासमोर वेगळं येतं तोंडातून. तुम्हालाही येत असेल."

मग मीच विचारलं, "तुझं कोण होतं गं वकील?"

"आजोबा. वडील. काका."

"मग तुला कुणी विचारलं का कधी, तू कशी आलीस? बँडचा कोपरा बघितला कुणी?"

"नाही," ती म्हणाली. उरलेली कॉफी संपवली. मग म्हणाली, "ईशामॅडम फार घाबरल्यात, अम्मा. रोज फोन करतात. समिती गेली तर नुसती समितीच जाणार नाही, त्यांची वकिलीही जाईल. खोटारडी म्हणून नाव झालं की कोण काम देतं? अकरा वर्षं कुणाच्या आधाराशिवाय उभं केलंय त्यांनी ते. त्यांचं वाईट व्हावं असं तुम्हाला वाटतं का?"

कसं वाटेल. मी तुला वाढवलं. तुझ्या फीसाठी मी नदीवर कमरेपर्यंत पाण्यात उभी राहिले, पायाला अजून भेगा आहेत, रात्री त्यांत मीठ भरल्यासारखं होतं. म्हणूनच तर मला घाई नाही. एवढं महाग कापड घाईत कुणी इस्त्री करत नाही.

मी मृदुलाला सांगितलं, बोलते. पण इथे कट्ट्यावर नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात, तिसऱ्या कोर्टासमोरच्या खांबाशी. भर अकरा वाजता, सगळे वकील असताना. आणि तूही तिथे पाहिजेस. मृदुला आधी "परवानगी लागेल" म्हणाली, मग डोळे चमकले. म्हणाली, "अम्मा, चित्रासाठी हे फारच सुंदर होईल." तिला वाटलं मी चित्रासाठी सांगितलं.

तुझे मोठे वकीलसाहेबही येणार आहेत. आता म्हातारे झालेत, काठी घेतात. त्यांचीही मुलाखत आहे मालिकेत, आपण खेड्यापाड्यातल्या मुलींना कसं पुढे आणलं त्यावर. त्यांना बसायला खुर्ची ठेवा असं मीच सांगितलं. तोच खांब, तेच साहेब, तू, मी. दुरैला म्हटलं, "दुरै, त्या दिवशी तू पुकारायचं. कोर्टात पुकारतोस तसं, तीनदा."

"काय पुकारू, अक्का? ईशा?"

"तुझ्या जिभेला जे जमेल ते पुकार."

त्याने "इसक्कियम्माळ हाजिर आहे?" असं कट्ट्यावरच एकदा पुकारून बघितलं. आवाज अजून आहे गं. पेठेच्या टोकापासून चार पोरी धावत आल्या, तिघींचं नाव इसक्की.

मग साहेब विचारतील, ही कोण? विचारतीलच, त्यांना माणसं लक्षात राहत नाहीत. त्या प्रश्नाचं उत्तर तू द्यायचंस, मी नाही. तू जे म्हणशील त्याच्यावर मी मान डोलवीन. इस्त्रीवाली म्हणालीस तर इस्त्रीवाली. तुझ्या शब्दाबाहेर मी कधी गेलेय?

नुसत्या तोंडच्या शब्दावर मात्र माझा भरवसा नाही. तू वकील आहेस. म्हणून या पत्राबरोबर पुडकं पाठवतेय, ते उघड.

नवा बँड आहे. तीन वर्षांनी इस्त्री पेटवली, अंथोनीअम्माळने कोळसे आणून दिले. तांदळाची पेज, चिमूटभर नीळ, दोन्ही जिभा सारख्या. नखाने वाजवून बघ, वाजेल. खूणही घातलीय, तीन टिंबं आणि आकडा. खूण कोपऱ्यात घालायची असते हे मला माहीत आहे, अडतीस वर्षं तेच केलं. पण आता डोळ्यांना कोपरा नीट दिसत नाही, म्हणून मधोमध घातली. दोन्ही जिभांवर. चिंचोक्याएवढी. लांबून दिसेल, पार साहेबांच्या खुर्चीवरूनसुद्धा.

हा बँड गळ्यात असला तर मी पानाचा डबा उघडीन आणि तुझा कोपरा तुला देईन, सगळ्यांसमोर. चौकट बरोबर आणलीस तर तिथेच लावून दाखवू. मग तू समितीत जा, दार उघड, खिडक्या उघड. दुसरा कुठला बँड घालून आलीस, तो चिकटपट्टीचा किंवा काचेतला, तर तो डबा घरीच राहील. दुरै म्हणाला, "अक्का, पोरीच्या कामात अगदी बिब्बा घातलास." मी म्हटलं, "मग काय घालणार? मला दुसरं येतं काय?"

एक सांगायचं राहिलं. बिब्बा ताजा आहे. पुरता वाळायला पंधरा दिवस लागतात, तेवढे हातात नाहीत. गळ्याला लागला तर उतेल, फोड येतील. चुना लाव. मला पहिल्या वर्षी दोन्ही हातांना आले होते, तुझ्या पणजीने, म्हणजे माझ्या सासूने, बघून म्हटलं होतं, आता तू घरची झालीस.

पोंगलला ये असं लिहिणार नाही, तू येत नाहीस. मृदुला आणि जोएल मात्र नक्की येणार आहेत. पोंगलनंतर आठवड्याने, तै महिन्याची आठ तारीख, बुधवार, सकाळी अकरा.

पेच्चियम्माळ